फ्रान्सच्या खेड्यातलं इंग्रज बिऱ्हाड



इंग्रज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अजून साहेबच उभा राहतो. घोड्यावरून फिरणारा कलेक्टर, डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बसून सही ठोकणारा इंजिनियर. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेला इंग्रज तो. आज मी ज्या इंग्रजाबद्दल बोलणार आहे तो अगदी निराळा आहे. तो फ्रान्स देशातल्या एका लहानशा खेड्यात, गावच्या कचेरीत, हातात कागदांची पिशवी घेऊन उभा आहे. विजेच्या बिलाची नक्कल त्याने आणली आहे, जन्माच्या दाखल्याचं भाषांतर आणलं आहे, तरी एक कागद राहिलाच. टेबलापलीकडच्या बाई त्याला शांतपणे सांगतात, "उद्या घेऊन या. मात्र बाराच्या आत या, मग कचेरी बंद होते." आणि साहेब मुकाट्याने 'बरं बाई' म्हणून घरची वाट धरतो.

असे लोक थोडेथोडके नाहीत. २०१६ च्या सुमाराची फ्रेंच सरकारची मोजणी पाहिली तर फ्रान्समध्ये कायम वस्ती करून राहणारे ब्रिटिश नागरिक दीड लाखाच्या आसपास होते. मी सोयीसाठी त्या सगळ्यांना इंग्रज म्हणतो आहे. त्यांत स्कॉटलंडचे आहेत, वेल्सचे आहेत, त्यांनी हे ऐकलं तर ते रागावतील. त्यांचा सर्वांत मोठा भरणा आहे तो देशाच्या नैर्ऋत्येकडच्या मुलखात. दोर्दोन्य नावाची नदी आणि तिच्याच नावाचा जिल्हा तिकडे आहे. तिथे इंग्रज इतके, की थट्टेने त्या जिल्ह्याला 'दोर्दोन्यशायर' म्हणतात. जसं यॉर्कशायर, लँकेशायर, तसं हे आणखी एक. या जिल्ह्यात एमे नावाचं १२७० साली वसवलेलं जुनं गाव आहे. मध्ये चौक, चौकाभोवती दगडी कमानी. त्या गावी इंग्रजांनी चक्क क्रिकेटचा क्लब काढला. फ्रेंच शेतकरी कुंपणाशी उभे राहून बघत असतील, आणि हे पांढरे कपडे घालून दिवसभर काय करतात हा प्रश्न त्यांना पडत असेल.

गंमत अशी, की हा मुलूख एके काळी इंग्रजांच्या राजाकडेच होता. ११५२ साली तिथली वारसदार राणी एलेनोर हिने हेन्रीशी लग्न केलं, आणि दोन वर्षांनी तो हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला. तिथून पुढे तीनशे वर्षं इंग्रज आणि फ्रेंच त्या भूमीसाठी भांडले. शेवटी १४५३ साली दोर्दोन्य नदीकाठी कास्तियाँ इथे इंग्रजांचा कायमचा मोड झाला. तलवारीने गेलेला मुलूख पाचशे वर्षांनी ते पेन्शनच्या पैशाने, एकेक घर करून विकत घेऊ लागले, असं कुणी विनोदाने म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही.

पण घरं विकाऊ का होती? हे आपल्याला, कोकणातल्या माणसाला तर विशेषच, समजण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या शेतीत ट्रॅक्टर आला. दहा माणसांचं काम एक माणूस करू लागला. तरुण पोरं पॅरिसला, बोर्दोला, तुलूझला गेली. म्हातारी मागे राहिली आणि तीही यथाकाल गेली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींची घरं, त्यांना लागून गोठे आणि धान्याची कोठारं, सगळी कुलपं लावून पडली. छपराचं एक कौल सरकलं की पाणी आत येतं, पाण्यामागून वाळवी येते, ते काय मी तुम्हांला सांगायला हवं? लंडनमध्ये एका लहानशा घराला जे पैसे पडत, त्याच्या कितीतरी कमी पैशांत इकडे घर, कोठार आणि एकर-दोन एकर जमीन मिळे. त्यात १९८९ साली पीटर मेल नावाच्या इंग्रज लेखकाचं प्रोव्हान्स प्रांतातल्या आपल्या पहिल्या वर्षावरचं पुस्तक निघालं आणि ते तुफान खपलं. १९९४ साली समुद्राखालून बोगदा झाला. पुढे बर्जराक आणि लिमोज या लहान शहरांना स्वस्तातली विमानं उतरू लागली. मग काय, रीघच लागली.

आता आपण एक जोडपं डोळ्यांपुढे आणू. ते कल्पनेतलं आहे. पण त्यांच्यावर जे जे गुजरतं ते खऱ्या माणसांवर गुजरलेलं आहे. नवरा लीड्स शहरातला शाळामास्तर, बायको इस्पितळातली नर्स. मुलं मार्गी लागलेली. आपण त्यांना मास्तर आणि बाई असंच म्हणू. २००३ साली ती दोघं दोर्दोन्यकडच्या एका खेड्यात घर घेतात.

घर घ्यायचं म्हणजे पहिली गाठ नोतेर या माणसाशी. हा सरकारने नेमलेला कायद्याचा जाणकार. त्याच्यासमोर वाचल्याशिवाय आणि सही झाल्याशिवाय फ्रान्समध्ये घराची मालकी बदलत नाही. जुन्या घराच्या किमतीवर सात-आठ टक्के खर्च इथेच होतो. त्यातला मोठा वाटा सरकारी कराचा असतो, पण शिव्या नोतेरला बसतात. खरेदीचा करार झाला की घेणाऱ्याला विचार बदलायला थोडे दिवस देतात. आज ते दहा आहेत. ही चाल मला फार शहाणपणाची वाटते. घर पाहून हुरळलेल्या माणसाला दहा रात्री झोपू द्यावं, मग विचारावं.

मास्तरांना दचका बसतो तो वारशाच्या कायद्याने. इंग्लंडात माणूस आपली इस्टेट मृत्युपत्राने वाटेल त्याला, मांजरांच्या आश्रमालासुद्धा, देऊ शकतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यापासून मुलांचा वाटा राखून ठेवलेला आहे. एक मूल असेल तर निम्मी इस्टेट, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मुलांचीच. उरलेल्याचं काय ते करा. २०१५ पासून युरोपच्या एका नियमाने परदेशी माणसाला आपल्या देशाचा कायदा निवडता येऊ लागला, आणि २०२१ साली फ्रेंच सरकारने पुन्हा मुलांच्या बाजूने त्याला बांध घातला. ज्यांच्या घरात पहिल्या लग्नाची मुलं, दुसऱ्या लग्नाची मुलं असा गुंता आहे, त्यांची यात झोप उडते.

दुसरा दचका घरामागच्या जमिनीखाली असतो. खेड्यात सांडपाण्याची गटारं सगळीकडे नाहीत. ज्याची त्याची सेप्टिक टाकी. तिची तपासणी करायला स्थानिक संस्थेचा माणूस येतो, आणि २०११ पासून घर विकताना त्याचा दाखला जोडावाच लागतो. टाकी नियमात बसत नसेल तर नव्या मालकाने वर्षाच्या आत ती नीट करायची. सूर्यफुलांची शेतं, निळ्या रंगवलेल्या खिडक्या हे सगळं चित्रांत दिसतं. टाकी दिसत नाही.

आणि लाकूड! उन्हाळ्यात हा मुलूख स्वर्ग आहे. पण नोव्हेंबर लागला की दगडी भिंती ओल धरतात, सकाळचं धुकं दुपारपर्यंत उठत नाही, आणि घरात एका शेगडीवर सगळी भिस्त. जळाऊ लाकूड तिकडे स्तेरच्या मापाने घेतात: एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच रचलेली लाकडं म्हणजे एक स्तेर. ओक लाकूड निदान दोन पावसाळे वाळलेलं हवं. ओलं लाकूड स्वस्तात घेतलं तर धूर होतो, ऊब होत नाही, आणि धुराड्यात काजळी धरते. शेजारचा म्हातारा शेतकरी नवीन आलेल्या इंग्रजाची पारख त्याच्या लाकडाच्या रचाईवरून करतो. रचाई सरळ असेल, वरून झाकलेली आणि बाजूंनी वारा खेळता असेल, तर या माणसाला हिवाळा कळला आहे असं तो समजतो.

सकाळ उजाडली की मास्तर पाव आणायला निघतात. पावाची भट्टी हे तिकडच्या गावाचं चावडीवजा ठिकाण. लांबलचक बागेट काखोटीला मारून लोक तिथे दोन शब्द बोलतात. या पावाचं त्यांना इतकं अगत्य, की पारंपरिक म्हणून विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांखेरीज रसायनं घालायची नाहीत आणि तो गोठवायचा नाही, असा सरकारी हुकूम १९९३ साली निघाला. २०२२ मध्ये बागेट करण्याची ही कला युनेस्कोने जगाच्या ठेव्यांत नोंदवली. पण दुकानात शिरल्याबरोबर पाव मागायचा नाही. आधी 'बाँझूर', म्हणजे नमस्कार. दुकानदाराला, आणि रांगेत उभ्या असलेल्यांनासुद्धा. इंग्रज माणूस 'माफ करा, मला एक पाव मिळेल का' असं अत्यंत नम्रपणे सुरू करतो, आणि बाँझूर न म्हटल्यामुळे उद्धट ठरतो. दोन्ही देश शिष्टाचाराचे, पण एकाचं सौजन्य दुसऱ्याच्या हिशेबात बसत नाही.

असंच एक कोडं 'तू' आणि 'तुम्ही'चं. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे इंग्रजाला हा फरक शिकावा लागतो. आपल्याला तो शिकवायला नको. फ्रेंच खेड्यात शेजारी दहा वर्षं 'तुम्ही' म्हणेल, तुमच्या घरी जेवेल, तुमची गाडी चिखलातून ओढून काढेल, आणि तरी 'तुम्ही'च म्हणेल. मग एक दिवस लाकडं फोडता फोडता सहज 'तू' म्हणून जाईल. त्या दिवशी मास्तर घरी येऊन बाईंना ती गोष्ट सांगतील. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखी.

बारा ते दोन सगळं बंद. कचेरी बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जेवणाची वेळ. ज्या इंग्रजाला टेबलावर उभ्या-उभ्या सँडविच खायची सवय, त्याला वाटतं हे लोक काम कधी करतात? मग तो आठवडी बाजाराला जायला लागतो. अक्रोड, बदकं, मधल्या काळात स्ट्रॉबेरी, पावसानंतर रानातल्या अळंब्या. बाजारात प्रत्येक विक्रेता त्याला विचारतो, खरबूज आज खायचं की उद्या? आजसाठी वेगळं निवडतो, उद्यासाठी वेगळं. हे एकदा अंगवळणी पडलं की मास्तरही बारा वाजता फोन उचलत नाहीत.

पण सगळ्यांच्या अंगवळणी पडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. काही इंग्रज वीस वर्षं राहून इंग्रजच राहतात. गवंडी इंग्रज, नळवाला इंग्रज, टेलिव्हिजन छपरावरच्या थाळीतून येणारा लंडनचा, डब्यातल्या घेवड्याच्या बिया इंग्रजांच्या दुकानातून. फ्रेंच शब्द तीस-चाळीस. ती माणसं वाईट नसतात, एकमेकांना धरून असतात, अडीअडचणीला धावतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांची काळजी वाटते. का, ते पुढे येईल. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपली मंडळी परदेशी गेली की कुणाकडे जेवतात, कुणाशी बोलतात, हेही मनात आणावं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडं शाळेबद्दल. सगळेच इंग्रज म्हातारे नसतात. गवंडी, सुतार, पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देणारी तरुण जोडपीही मुलंबाळं घेऊन येतात. खेड्यातली शाळा एक-दोन वर्गांची. दर वर्षी शिक्षणखातं पट मोजतं, आणि मुलं कमी झाली की वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे शिक्षकाची जागा गेली, आणि मग हळूहळू शाळाच शेजारच्या गावात. अशा वेळी तीन मुलांचं एक इंग्रज कुटुंब राहायला आलं तर सरपंच स्वतः त्यांना भेटायला गेला तर नवल नाही.

शाळा सक्तीची, फुकट आणि धर्मापासून अलिप्त. ही घडी १८८१-८२ च्या कायद्यांनी बसली. २०१९ पासून सक्ती तिसऱ्या वर्षापासून आहे. इंग्रज मूल वर्गात बसतं आणि सुरुवातीला त्याला काहीच कळत नाही. बोलणं तर नाहीच, पण अक्षरसुद्धा! इंग्लंडात मूल सुटी अक्षरं काढायला शिकतं. फ्रान्समध्ये पहिलीपासून जोडून, वळणदार लिहायचं. त्यासाठी वहीसुद्धा खास. जाड उभ्या रेघा, आणि आडव्या रेघांमध्ये आणखी बारीक आडव्या रेघा, कुठल्या अक्षराची शेपटी कुठवर न्यायची ते दाखवणाऱ्या. सेयेस नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने १८९२ साली ही आखणी काढली आणि आजही पोरं तीच वही वापरतात. एकचा आकडा निराळा, सातच्या पोटात आडवी रेघ, दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, भागाकाराची मांडणी उलटीच. वर शुद्धलेखनाचा तास.

सहा-सात वर्षांचं मूल यातून वर्षभरात पार पडतं. पटांगणात खेळता खेळता भाषा येते, आणि पाहता पाहता ते आईबापांचा दुभाषा होतं. दवाखान्यात, बँकेत, नळवाल्यापाशी आठ वर्षांची पोर मोठ्यांची बोलणी करते. यात कौतुक आहे, पण ओझंही आहे. बापाची कर्जाची अडचण मुलीच्या तोंडून बँकेला कळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला इतिहास, विज्ञान सगळं अनोळखी भाषेत शिकायचं, आणि मित्र मागे राहिलेले. आईबापांच्या स्वप्नातल्या घरासाठी त्या वयाच्या मुलाला भाषेची तयारी न करता उचलून आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बदलीच्या नोकरीतल्या मुलांचे हाल ज्या शिक्षकांनी पाहिले आहेत ते माझ्याशी सहमत होतील.

आता गावच्या कारभाराकडे वळू. खरा मुद्दा तिथेच आहे.

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे ग्रामपंचायत समजा. मात्र शहरालाही तोच शब्द. निम्म्याहून अधिक कम्यूनची वस्ती पाचशेच्याही आत. अशा एवढ्याशा गावाला स्वतःची कचेरी, झेंडा आणि मेअर म्हणजे सरपंच. मेअर तिरंगी पट्टा खांद्यावरून घेऊन लग्नं लावतो. चर्चमधलं लग्न कायद्याला पुरत नाही, आधी कचेरीत यावं लागतं. रस्त्यावर झाड पडलं, कुत्रं भुंकतं, कुंपण सरकलं, सगळं मेअरकडे. त्याच्या मदतीला निवडून आलेलं मंडळ. लहान गावात सात, अकरा, पंधरा सभासदांचं.

युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला, तो जिथे राहतो तिथल्या गावच्या निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं. फ्रान्समध्ये हे प्रथम २००१ साली झालं. मेअर किंवा उपमेअर मात्र फ्रेंच नागरिकच हवा. आपले मास्तर २००८ साली उभे राहिले असं धरू. लहान गावांत तेव्हा अशी रीत होती की मतपत्रिकेवरच्या यादीतलं नको असलेलं नाव मतदाराला खोडता येई. म्हणजे परक्या माणसाचं नाव खोडायला कुणाला पुढे येऊन बोलायची गरज नव्हती. पडद्याआड पेनाची एक रेघ पुरे. ते नाव पुरेशा लोकांनी खोडलं नाही, म्हणून मास्तर निवडून आले. २०१४ ला पुन्हा आले. काम काय? जत्रेच्या मांडवाचं टेबलं-खुर्च्यांसह नियोजन, वाचनालय, नव्या इंग्रजांना कचऱ्याचे दिवस समजावून सांगणं, फ्रेंच शेतकरी आणि इंग्रज घरमालक यांच्यात पायवाटेवरून तंटा झाला तर दोन्हीकडचं ऐकून घेणं. असे सातशेहून अधिक ब्रिटिश सभासद फ्रान्सभरच्या गावमंडळांत २०२० पूर्वी बसत होते.

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर मतदान झालं. ज्यांचं आयुष्य त्या मतावर टांगलेलं होतं, अशा कितीतरी लोकांना मत देता आलं नाही. कारण पंधरा वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलेल्याचा मताचा हक्क तेव्हा जात असे. तो नियम पुढे जानेवारी २०२४ मध्ये उठला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. निकाल लागला आणि पौंड घसरला. पेन्शन पौंडात, पाव युरोत. २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळत. २००८ सालच्या अखेरीस ते एकाला एक इतके खाली आले होते, आणि थोडे सावरतात न सावरतात तोच हा दुसरा फटका.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडलं. गावमंडळांच्या निवडणुका १५ मार्चला होत्या. सहा आठवड्यांच्या अंतराने मास्तरांचं नाव मतदार-यादीतून गेलं. गावाने काढलं नाही, मास्तरांनी सोडलं नाही. समुद्रापलीकडच्या एका सहीने गेलं. बारा वर्षं ज्या टेबलाशी बसले त्या टेबलाशी आता त्यांना बसता येईना. मंडळाच्या सभा तिकडे सर्वांना खुल्या असतात, तेव्हा मागच्या खुर्चीवर बसून ऐकायला मनाई नव्हती.

यानंतर कागद सुरू झाले. आतापर्यंत संघाचे नागरिक म्हणून यांना राहण्याचा परवाना लागत नव्हता. आता आधीपासून राहत असलेल्या प्रत्येकाने अर्ज करायचा, जिल्ह्याच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे आणि कार्ड घ्यायचं. फी नव्हती, कारकून बहुतेक ठिकाणी सभ्य होते, अर्जाची मुदतही वाढवून सप्टेंबर २०२१ पर्यंत नेली. तरीसुद्धा सत्तरीच्या माणसाने, वीस वर्षं कर भरल्यावर, शाईविना काचेवर बोटं टेकून आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायचं. आणि ज्यांचं घर नुसतं सुट्टीपुरतं होतं, त्यांना तर १८० दिवसांत ९० दिवसांवर राहता येईनासं झालं. स्वतःच्या घरातले दिवस ते कॅलेंडरवर मोजू लागले.

पुष्कळांनी फ्रेंच नागरिकत्व घेतलं. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मान्य करतात. त्यासाठी भाषेची पात्रता, मुलाखत, फ्रान्सच्या इतिहासावरचे प्रश्न. मास्तरांसारखा माणूस यातून निघेल. डब्यातल्या घेवड्यावर आणि तीस-चाळीस शब्दांवर वीस वर्षं काढलेला माणूस कसा निघणार?

अकरा नोव्हेंबरला सकाळी मात्र कुणी कुणाचं कार्ड पाहत नाही. पहिलं महायुद्ध १९१८ साली त्या दिवशी थांबलं. फ्रान्सची चौदा लाखांच्या आसपास माणसं त्यात कामी आली. बहुतेक प्रत्येक खेड्यात नावं कोरलेला दगड आहे. मेअर एकेक नाव वाचतो आणि जमलेले लोक उत्तर देतात, 'फ्रान्ससाठी धारातीर्थी'. साठ घरांच्या गावात वीस-वीस नावं. एकाच आडनावाची तीन. इंग्रज येतात ते कोटाला खसखशीचं लाल फूल लावून. फ्रेंचांचं फूल निळं. शाळेची मुलं राष्ट्रगीत म्हणतात, त्यांत इंग्रजांची मुलंही. उत्तर फ्रान्समध्ये न्यव-शापेल इथे आपल्या हिंदी शिपायांचं १९२७ साली उभारलेलं स्मारक आहे. त्याच चिखलात तेही पडले. समारंभ झाला की कचेरीत सगळ्यांना वाइनचा एकेक पेला.

शेवटी म्हातारपण. हिरवं आरोग्यकार्ड असतं, ब्रिटनच्या पेन्शनवाल्याच्या औषधाचा खर्च ब्रिटन भरतं, तो करार अजून चालू आहे. पण खेड्यातला डॉक्टर निवृत्त होतो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही; ही रड आता फ्रान्सभर आहे. गावातली भट्टी बंद होते. दुकान आठ किलोमीटरवर, बस आठवड्यातून एकदा, आणि गाडी चालवणारा माणूस दोघांपैकी एकच. मास्तर जातात, आणि बाई त्या जाड भिंतींच्या घरात एकट्या राहतात. लीड्सला जायचं तर इथलं घर विकून तिकडे एक खोली येत नाही. आणि तिकडे ओळखीचं उरलं आहे कोण?

ज्यांनी भाषा केली नाही त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते असं मी म्हटलं ते या दिवसांसाठी. रात्री छातीत दुखलं तर पंधरा नंबर फिरवायचा, आणि पलीकडचा माणूस फ्रेंचमध्ये विचारतो: कुठे दुखतं, केव्हापासून, घराची खूण काय? गावच्या बंबवाल्यांची तुकडी येते. फ्रान्समध्ये बंबवाले बहुतेक स्वयंसेवकच. कुणी सुतार, कुणी शेतकरी, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरातला. वर्षाअखेर तेच दारोदार येऊन आपलं कॅलेंडर देतात आणि लोक खुशीने पैसे हातावर ठेवतात. त्यामुळे त्यांना घर माहीत असतं, कुत्रं चावरं आहे की नाही तेही माहीत असतं.

बाईंनी भाषा केली होती. मास्तरांइतकी शुद्ध नव्हे, बाजारात आणि सुईणकामाच्या गप्पांत शिकलेली. तिकडच्या घरांना खिडक्यांबाहेर लाकडी दारं असतात. संध्याकाळी ती ओढून घ्यायची, सकाळी उघडायची. समोरच्या शेतकरणीला बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी आपल्या अंगणातून दिसते. आठ वाजले आणि ती दारं उघडली नाहीत, की शेतकरीण हातातलं काम टाकते, रस्ता ओलांडते आणि फाटकाशी उभी राहून हाक मारते. आधी बाँझूर म्हणते, मग विचारते.